लोकरीचा धागा : काटकसर आणि स्वाभिमान

आपल्या निवासी शाळेत इतिहासाबरोबर कार्यानुभवाचा तासही अनेक वर्षे माझ्याकडे आहे. स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मी एखाद्या ऐतिहासिक प्रसंगावर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय निवडला तो मात्र मुलांच्या लोकरीच्या कपड्यांचा. त्याचे कारण आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका पहाटे, वंदनेसाठी मुले रांगेत बसली होती. पाचवीतील एक विद्यार्थी हात जोडण्याऐवजी मनगटे मांडीखाली लपवून बसलेला दिसला. त्याच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापासून चार बोटांवरच संपत होत्या. स्वेटर हाताने विणलेला, स्वच्छ आणि उबदार होता; फक्त मुलगा वाढला होता. त्या संध्याकाळी कार्यानुभवाच्या वर्गातच मी त्या बाह्यांची टोके उसवली, टाके पुन्हा सुईवर घेतले आणि दुसऱ्या रंगाच्या लोकरीने बाह्या वाढविल्या. दोन संध्याकाळी पुरल्या. वर्गातील मुलांना नवल वाटले ते हे, की कपडाही मुलाबरोबर वाढविता येतो. पुढे पालकसभेत काही मातांनी ही रीत लिहून मागितली. ती रीत आणि तिच्यामागचा इतिहास येथे एकत्र मांडीत आहे.

कोकणात लोकर कशाला?

मुरुडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात लोकरीचे कपडे लागतातच कशाला, असे कोणी विचारील. नारळी-पोफळींच्या सावलीतील आपल्या गावी थंडी थोडी, हे खरे. पण दापोलीचा माथा किनाऱ्याहून गार असतो, आणि आपले बरेचसे विद्यार्थी वरच्या अंगाच्या गावांतून येतात. शिवाय आपल्याकडे खरी अडचण थंडीपेक्षा ओलीची आहे. आषाढ-श्रावणात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि दमट सुती सदरा अंगावर घेऊन मूल निजते. लोकरीचा गुण असा, की ती थोडी ओल शोषूनही अंगाला गार लागत नाही. आपले पूर्वज शेतात उतरताना इरल्याबरोबर घोंगडे वापरीत, त्यामागे हाच अनुभव होता.

घोंगडे मागावर विणले जाते. त्यात उभा आणि आडवा असे दोन धागे असतात. दोन सुयांवरचे विणकाम वेगळे. त्यात एकच अखंड धागा स्वतःच्याच फासांत गुंफत जातो. म्हणूनच असा कपडा ताणला जातो, आणि म्हणूनच तो टोकापासून सबंध उसवताही येतो. या एका गुणावर घरच्या विणकामाची सारी काटकसर उभी आहे. हे विणकाम आपल्याकडे प्रामुख्याने मिशनरी शाळा आणि लष्करी छावण्यांतील गोऱ्या कुटुंबांच्या मार्गाने आले. पुढे स्त्रीशिक्षणाच्या संस्थांनी शिवण आणि विणकाम यांना अभ्यासात स्थान दिले.

मुरुडच्या वाचकांना येथे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांचे बालपण मुरुडमध्ये गेले. 1893 साली त्यांनी विधवाविवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, हा विचार महाराष्ट्रात रुजविला. तथापि त्या आश्रमाची दारे आरंभी प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी उघडली होती, हेही इतिहासाच्या शिक्षिकेने सांगितले पाहिजे. याच गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वाडीतील स्त्रियांपर्यंत सुई आणि लोकर पोचली ती वेगळ्या वाटेने, मुंबईच्या गिरणगावातून.

वस्त्र आणि वर्ण

आपल्या समाजाच्या इतिहासात कपडा ही कधीच केवळ ऊब देणारी वस्तू नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे नेसावीत, असा दंडक घातलेला आहे. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा हा आपल्यावर लादलेला नियम होता. त्याला निवड म्हणता येत नाही. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्या ज्वाळेत हा नियमही जळाला. त्याच परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या महिलांना उद्देशून भाषण केले. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरच्या जड दागिन्यांचा मुद्दा घेतला. अस्पृश्यतेची ओळख पटविणारी पोशाखाची रीत टाकून द्या आणि स्वच्छ राहा, असा त्या उपदेशाचा आशय होता. महिलांनी तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. कपड्याच्या प्रश्नात माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न दडलेला असतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना तेव्हाच उमगले होते.

दुसरी गोष्ट गिरणीची. आपल्या तालुक्यातील घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत असे. माझे आजोबा रिंग खात्यात होते. विणकाम खात्यात पगार अधिक. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे दिले जाई, की धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावे लागते. ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले, त्याला आपण तोंड कसे लावायचे, असा इतर कामगारांचा आक्षेप असे. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. धाग्याला लागलेल्या थुंकीवरून हजारो माणसांची मजुरी ठरत होती, हे आजच्या विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही.

माझ्या आईला विणकाम शिकविले ते डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतील एका शेजारणीने. सुया विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून आईने सुया केल्या होत्या. लोकरीची दोन टोके जोडताना ती गाठ मारीत नसे. दोन्ही टोके उकलून एकमेकांवर ठेवायची, किंचित थुंकी लावायची आणि तळहातांत जोराने चोळायची. अस्सल लोकरीचे तंतू ओल आणि घर्षण मिळाले की एकमेकांत गुंततात आणि सांधा दिसतही नाही. तोंडाची जी ओल गिरणीत आजोबांना बाहेर ठेवीत होती, तीच आमच्या घरी धागा जोडीत होती. हा अर्थ मला इतिहासाचे शिक्षण घेतल्यावर कळला; आईला तो कधी सांगावा लागला नाही.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. काही महिन्यांनी वडील रिकाम्या हाताने मुरुडला परतले. त्या वर्षी हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाला अंगात घालायला काही नव्हते. आई ज्या बागेत कामाला जाई, त्या घरून एके दिवशी जुन्या कपड्यांचे गाठोडे आले. आले म्हणजे अंगणात वरून टाकले गेले. आईने ते उचलले नाही. घरी येऊन तिने वडिलांचा निळा स्वेटर पेटीतून काढला. "दुसऱ्याचं उतरलेलं नको. आपलंच जुनं उसवू," एवढेच ती बोलली. त्या एका स्वेटरमधून भावाचा पूर्ण बाह्यांचा आणि माझा बिनबाह्यांचा असे दोन स्वेटर निघाले. कपडा जुनाच होता. पण तो आमचा होता आणि आमच्या मापाचा होता.

काटकसर म्हणजे दारिद्र्य नव्हे

काटकसरीची लाज वाटण्याचे कारण नाही, हे सांगण्यासाठी दोन दाखले देते. पहिला दाखला विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भिक्खू आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. इतक्या वस्त्रांचे हे करणार तरी काय, अशी शंका येऊन राजाने आनंदांना गाठून विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू, असे आनंद म्हणाले. मग जुन्यांचे काय, असे राजा विचारीत गेला आणि आनंद पायरी-पायरीने सांगत गेले. जुन्या चीवरांची अंथरुणावरची आच्छादने होतील, ती झिजली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची पाथरणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी; आणि अखेर त्यांच्या चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपली जाईल. काहीच वाया जाणार नाही, हे पाहून राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. सर्वस्वाचा त्याग केलेल्या संघातही वस्त्राचा असा चोख हिशेब होता.

दुसरा दाखला दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंडचा. 1941 साली तेथे कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते 1949 पर्यंत टिकले. तेथील सरकारने पुस्तिका काढून गृहिणींना जुने लोकरी कपडे उसवून पुन्हा विणण्यास सांगितले. ज्या राष्ट्राचे आपल्यावर राज्य होते, त्याच्या घराघरांत तेव्हा उसवलेली लोकर वाळत होती. त्यावरून त्यांना कोणी हीन लेखले नाही. तेव्हा कमीपणा जुन्या धाग्यात नाही. तो दुसऱ्याने ठरविलेल्या पायरीवर मुकाट्याने बसण्यात आहे.

वाढणारा स्वेटर : प्रत्यक्ष रीत

आता कामाकडे वळू. आरंभीच एक खरी गोष्ट मान्य केली पाहिजे. नवी लोकर विकत आणून स्वेटर विणला, तर आज तो बाजारातील तयार स्वेटरपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. पुष्कळदा महागच पडतो. विणकामाची काटकसर पहिल्या विणीत नसून दुसऱ्या-तिसऱ्या विणीत असते. एकच धागा तीन मुलांच्या अंगावर गेला, तर हिशेब बदलतो.

जुना स्वेटर उसवण्याजोगा आहे का, हे आधी पाहावे. कपडा उलटा करून कुशीची शिवण तपासावी. दोन्ही कडा सलग विणलेल्या असतील आणि त्या फक्त धाग्याने जोडलेल्या असतील, तर धागा अखंड निघतो. कापून मशीनने गोठ मारलेल्या कडा असतील, तर प्रत्येक ओळीचा धागा तुटलेला असतो आणि हाती नुसते तुकडे येतात. लोकर अस्सल की कृत्रिम, हे ओळखण्यासाठी मोठ्या माणसाने एक लहानसा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. अस्सल लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. असा कपडा चुलीजवळ काम करणाऱ्या मुलांना घालू नये.

उसवताना प्रथम सगळ्या शिवणी काढाव्यात. मग जेथे टाके बंद केले असतील त्या टोकापासून धागा ओढत जावे. निघालेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती किंवा कोणाच्या दोन हातांवर गुंडाळून लडी करावी आणि ती चार ठिकाणी सैल बांधावी. रिठ्याच्या कोमट पाण्यात लडी बुडवून ठेवावी. चोळू नये, पिळू नये. नंतर ती सावलीत टांगून खालच्या टोकाला हलकेसे वजन लावावे. वाळेपर्यंत धाग्यातील वळ्या जातात. मगच सैल गुंडी करावी. घट्ट गुंडीत लोकर ताणून राहते आणि विणल्यावर कपडा आटतो.

मापाचा हिशेब सोपा आहे. आधी चार इंचांचा चौकोन विणून एका इंचात किती टाके बसतात, ते मोजावे. समजा, सहा टाके बसले. मुलाची छाती 20 इंच आहे. वाढीसाठी आणि हालचालीसाठी दोन इंच सैल धरले, तर 22 इंच होतात. पाठीचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे 11 इंच. 11 गुणिले 6 म्हणजे 66 टाके. शिवणीसाठी दोन अधिक, एकूण 68. वर्षाच्या आतबाहेरच्या मुलाला साधारण 100 ते 150 ग्रॅम लोकर लागते. वर्गात हे गणित मी मुलांकडूनच करून घेते. पाठ्यपुस्तकात न सुटणारा गुणाकार येथे चटकन सुटतो, कारण उत्तर चुकले तर स्वेटर अंगात जात नाही.

आता मुख्य युक्ती. बहुतेक स्त्रिया स्वेटर खालून वर आणि बाही मनगटाकडून खांद्याकडे विणतात. मुलांसाठी उलट करावे. अंग खांद्याकडून खाली आणि बाही मुंढ्याकडून मनगटाकडे विणावी. कारण विणलेला कपडा जेथे टाके बंद केले, त्या टोकाकडून सहज उसवतो. जेथे टाके घातले, त्या टोकाकडून नाही. वरून खाली विणलेल्या स्वेटरमध्ये बंद टाके मनगटाशी आणि कमरेशी येतात. मूल वाढले की तेवढीच किनार उसवायची, टाके सुईवर उचलायचे आणि दोन-तीन इंच वाढवून दोन सुलट, दोन उलट अशी किनार पुन्हा घालायची. त्याच रंगाची लोकर मिळाली नाही, तर मुद्दाम वेगळा रंग घ्यावा आणि तोच गळ्यालाही लावावा. मग जोड दिसत नाही, नक्षी दिसते. सर्व ओळी सुलट विणल्या, तर कपडा उभा चांगला ताणतो आणि दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. पुढून उघडा, गुंड्यांचा स्वेटर बंद गळ्याच्या स्वेटरपेक्षा अधिक काळ पुरतो. झबले, टोपडे, मोजे यांना उरलेली लोकर पुरते. मात्र तान्ह्या बाळाच्या अंगाला लोकर थेट लागू देऊ नये; आत जुन्या मऊ लुगड्याचे झबले घालावे.

आपल्या दमट हवेत लोकरीला कसरीइतकीच बुरशी लागते. म्हणून पावसाळा सरताच ऑक्टोबरच्या उन्हात सर्व लोकरी कपडे झटकून, पूर्ण कोरडे करून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ठेवावेत. ओलसर घडी कधीही पेटीत घालू नये.

सुई कोणाच्या हाती?

मी शाळेत असताना विणकामाचा तास मुलींसाठी असे. मुले त्या वेळी मैदानावर असत. आज माझ्या वर्गात मुलगे आणि मुली एकत्र विणतात. आरंभी काही पालकांना हे रुचले नाही. त्यांना मी पेरू देशातील टाकिले बेटाचे उदाहरण देते. तेथे टोप्या विणण्याचे काम पुरुष करतात आणि मुलगे ते लहानपणीच शिकतात. युरोपातील जुन्या विणकर संघांतही कारागीर पुरुषच होते. काम स्त्रीचे की पुरुषाचे, हे वर्णव्यवस्थेसारखेच माणसांनी ठरविलेले असते. काटकसर चांगली, पण तिचा सारा भार एकट्या आईच्या बोटांवर टाकून आपण स्वाभिमानाच्या गोष्टी करू लागलो, तर ते न्यायाचे होणार नाही.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

आपल्याच तालुक्यातील वणंद हे माता रमाईंचे जन्मगाव. त्यांचे वडील दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. टंचाईतही संसार कसा नीटनेटका ठेवावा, याचा आदर्श त्यांनी घालून दिला. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले, तेव्हापासून आपल्या वसतिगृहांची परंपरा चालत आली आहे. या परंपरेतील प्रत्येक मुलाने कोणाच्या तरी श्रमाचे वस्त्र अंगावर घेतले आहे. त्या श्रमाची जाण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

म्हणून एक विनंती करते. दरवर्षी अनेक हितचिंतक वसतिगृहासाठी जुने कपडे पाठवितात. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. परंतु पोती सोडताना फाटके, मळके, गुंड्या नसलेले कपडे निघतात आणि ते मुलांसमोर निवडावे लागतात, तेव्हा मला आमच्या अंगणातले ते गाठोडे आठवते. पाठविण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा कपडा मी माझ्या मुलाला घालीन का? उत्तर होय असेल, तर धुऊन, घडी घालून अवश्य पाठवावा. अस्सल लोकरीचा जुना स्वेटर फाटका असला तरी चालेल; तो मात्र "उसवण्यासाठी" अशी चिठ्ठी लावून वेगळा पाठवावा. तो आमच्या वर्गात येईल, मुले त्याचा धागा काढतील, धुतील, मापे घेतील आणि स्वतःसाठी नवा कपडा विणतील. तो त्यांनी स्वतः केलेला असेल.

ज्या विद्यार्थ्याच्या बाह्या मी वाढविल्या होत्या, तो आता सातवीत आहे. त्या बाह्या त्याला पुन्हा आखूड झाल्या आहेत. या हिवाळ्यात तो त्या स्वतः वाढवीत आहे. पहिल्या दिवशी चार टाके सुटले. ते त्याने स्वतःच पुन्हा उचलले.

जय भीम.